टिचकी

पुलाखाली चादरीवर मांडलेले सात लॅपटॉप.
शेजारी समोवर, जुनी पदकं,
एक पाय हरवलेला कॅमेऱ्याचा स्टँड.
जुंबेर म्हणतो, सगळं चालतं, विंडोज आहे आत.
मी म्हणतो, ते काढूनच टाकणार आहे.
तो बघतच राहतो, जणू मी गादी विकत घेऊन
आतला कापूस त्याला परत करतोय.

काखेतीला माझे वडील दारूचा रांजण घेताना
टिचकी मारायचे, मग कान लावून थांबायचे.
बद्द आवाज आला की पुढचा.
माझी टिचकी खिशात असते: एक पेनड्राइव्ह,
त्यात दुसरी प्रणाली, फुकट, कुणा एकाची नसलेली.
मी तिबिलिसीतल्या लिफ्ट दुरुस्त करतो.
परक्याच्या चावीनंच उघडणारी पेटी
मला सहन होत नाही.

पहिला चकचकीत. वायफायची चिप अडेलतट्टू. पुढचा.
दुसऱ्याची बिजागरी कण्हते. पुढचा.
तिसरा काळा, जाडजूड, मागे साधे स्क्रू,
कोपऱ्यावर अर्धवट खरवडलेली मनीमाऊ.
पेनड्राइव्ह लावतो, बटण दाबतो,
तर पडद्यावर कुलूप. पासवर्ड.

तेकलेचा होता, म्हणत जुंबेर डोकं खाजवतो.
मग ब्रनोला फोन लावतो.
ती कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत.
आधी, जेवलीस का. मग, बर्फ पडला का.
मग काकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
मग कुणाचं तरी मोडलेलं लग्न,
मग बराच वेळ नुसतं हं, हं.
मी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन उभा,
जरा धर म्हणून दिलेलं दुसऱ्याचं मूल असावं तसा.
बोटं गारठतात.
शेवटी तो विचारतो, आणि पलीकडे ती हसते,
इतकी की पदकवाला वळून बघतो.

मुरिया, जुंबेर सांगतो. कुत्रं होतं आमचं.
एका बोटानं, अक्षरं हुडकत टाइप करतो.
चुकतं.
पुढे तीन लाव म्हणते.
तिसरा मुरिया होता ना तो.

कुलूप सुटतं. काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर खाली.
आवाज आहे. कॅमेरा आहे.
नेटवर्क
आहे.
डिस्कला अजून हात लावलेला नाही.
विचारतो, आत काही राहिलंय का बघायचं?
तिनं नेलं सगळं, म्हणतो.
थोड्या वेळानं म्हणतो, बघ.
एकच फोल्डर. नाव, नवीन फोल्डर. आत काही नाही.

दीडशे लारी, म्हणतो.
मी एकशेवीस म्हणणार होतो.
दीडशे देतो.

रात्री स्वयंपाकघरात जुनं सगळं पुसून काढतो.
नवी प्रणाली विचारते,
या यंत्राचं नाव काय ठेवायचं?
मुरिया, मी टाइप करतो. मग चार.

सगळं जुळलंय. फक्त झाकण लावून झोपवला
की तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही.
एवढं चालायचंच.