नीचभंग

मंगळवार पेठेत, सायकल दुकानाच्या वर.
जिना लाकडी, माझ्या वजनानं कुरकुरला.
भूपाल उपाध्ये, रिटायर तलाठी, बनियनवर बसलेले.
जन्मवेळ?
म्हटलं, आई सांगायची, मिलचा भोंगा झाला
आणि तू झालास.
कुठल्या पाळीचा?
ते तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.
आता विचारायची सोय नाही.

बायकोनं पाठवलेलं, दाखवून या म्हणून.
पोरानं तीन आठवडे बोलणं टाकलेलं
आणि न्हाणीच्या दाराला
माझ्या मुठीएवढं भोक.

उपाध्यांनी बनियनच्या टोकानं चष्मा पुसला.
मेष लग्न धरू. लग्नेश मंगळ चौथ्यात, कर्केत, नीचेचा.
पाण्यात बसलाय गडी.
आणि तिथनं त्याची नजर थेट बायकोच्या घरावर.
मला हसू आलं.
शिरोलीला फाउंड्रीत बावीस वर्षं
लोखंडाचा रस ओततोय, म्हटलं,
पाण्याचा नि माझा संबंध काय?

पण दुसऱ्या दिवशी पाळीला
वाळू मुठीत दाबली, रोज दाबतो तशी.
कोरडी असली तर साचा ढासळतो.
ओल जास्त झाली तर रस पडताच वाफ कोंडते
आणि साचा फुटून तोंडावर येतो.
ओल लागतेच. किती, ते मुठीला कळतं.
नव्या पोरांना मीच शिकवतो हे.
मूठ तशीच धरून उभा राहिलो,
मागून कुणीतरी म्हणालं, काय मोरबाळे, झोपला काय?

अण्णा, म्हणजे हिंदुराव मोरबाळे.
त्यांची पाठ मातीला लागलेली
तालमीत कुणी बघितली नाही.
आई गेली तेव्हा पंचगंगेवर
मला हुंदका आला, तर कानाशी म्हणाले,
पाठ लावतोस व्हय रं?
नाही लावली.
एकोणीस वर्षं झाली, उभाच आहे.

पोवळं नको, उपाध्ये म्हणाले होते, पैसे ठेवा खिशात.
चंद्र शेजारीच आहे. आईचा ग्रह, आईच्याच घरात.
म्हणजे नीचभंग हाय तुमच्यात.
पण तो बसल्या जागी होत न्हाई.
मंगळवारी वडलांच्या पाठीला तेल लावा.
तुमच्या हातानं. बाईला सांगायचं न्हाई.
एवढंच?
एवढं जमतंय का बघा.

पहिल्या मंगळवारी वाटीतलं तेल गार झालं.
दुसऱ्या मंगळवारी ओव्हरटाइम घेतला, मागून.
तिसऱ्या दिवशी त्यांना कुशीवर वळवलं.
उजवं अंग गेलेलं, कान मुडपून गाठ झालेले,
आणि ती पाठ.
मी कधी बघितलीच नव्हती ती.
खांद्याखाली एक जुना वळ, कमरेत खड्डा,
मधे मणके, वाळूत बोटं ओढावीत तसे.
तेल जिरत गेलं. गादीला पाठ लागली होती माणसाची
दीड वर्षं, आणि कुणी शिट्टी वाजवली नव्हती.
माझ्या नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून नंतर.
अण्णांनी डावा हात मागं आणला, चाचपत,
माझं मनगट पकडलं.
पकड अजून आहे.
डाव होता का काय होतं, कळलं नाही. सोडवून घेतलं नाही.
दारात पोरगं उभं होतं.
म्हणालं, वाटी देऊ का दुसरी?

आषाढात उपाध्यांकडे नारळ घेऊन गेलो.
ते जरा गप्पच. म्हणाले, एक घोळ झालाय.
मिलच्या जुन्या माणसाला गाठलं मी.
तुमच्या साली दुपारचा भोंगा अर्ध्या तासानं बदललेला.
लग्न वृषभ निघतंय. मंगळ चौथ्यात न्हाईच.
मी जिन्याकडे बघितलं, मग नारळाकडे.
मग आता काय करायचं?
त्यांनी चष्मा काढला, पुसायला टोक शोधलं.
तेल शिल्लक हाय न्हवं घरात?