सात छेद पंचवीस

मानवतला मोंढ्याच्या तोंडाशी आमचं दुकान.
आत तेलाचे डबे, दारात खड्या मिठाचं पोतं,
आणि पोत्यावर, दुसरी जागा नाही म्हणून अण्णांनी ठेवलेला
क्रिकेटच्या पत्त्यांचा खोका.
दोन रुपयांना पाकीट. पाकिटात पाच खेळाडू
आणि खडूसारखं एक च्युइंगम,
तोंडात घातलं की भुगा.

पोरांना च्युइंगम नको होतं.
पोरांना हिरव्या कडेचा पत्ता हवा होता.

फोटो तोच, बरं का. तोच यष्टिरक्षक,
तीन सामने खेळून घरी बसलेला,
तसाच वाकलेला, झेल सुटायच्या बेतात.
साध्या कडेचा तो इतका निघायचा
की पोरं त्याला सायकलच्या तारांत खोचायची,
फर्रर्र वाजत जायचा बिचारा
पार मानवत रोड स्टेशनापर्यंत.
पण हिरव्या कडेला वर्ख असायचा म्हणे, आणि कोपऱ्यात
सोनेरी ठशातला आकडा : अमुक छेद पंचवीस.
म्हणजे असे पंचवीसच.
जगात.

जग हा शब्द आमच्या दुकानात
तेव्हाच पहिल्यांदा आला असावा.

विश्वंभर उदावंत, सराफाचा पोरगा.
दुपारी वडलांचा डोळा लागला की
गुंजा तोलायचा काटा रुमालात गुंडाळून आणायचा.
"वर्खाला वजन असतंय," म्हणायचा,
"डोळ्याला लपंल, काट्याला लपत नाय."
मला पंखा बंद करायला लावायचा.
एकेक पाकीट पारड्यात, दोघांचे श्वास रोखून.
जड ते त्याचं. हलकं ते परत खोक्यात.
फाडलं की साधी कड. साधी कड.
परत साधी.
"उद्या निघतंय बघ."

मी काही बोलले नाही.
खोक्याची तळबाजू दमट झालेली;
मीठ पाणी ओढतं हे किराणावाल्याच्या पोरीला
कुणी शिकवावं लागत नाही.
वर्षभर तो ओल तोलत होता.
सांगता आलं असतं. पण मलाही कधी
कुणी विचारलं नव्हतं, तुला कोण पाहिजे म्हणून.
मी सुट्टे पैसे देणारी.

एक पाकीट त्याने तीनदा तोललं, तीनदा टाकलं.
"रिकामं हाय हे. कंपनीनं फसवलं."
खरंच हलकं होतं, च्युइंगम घालायचंच राहिलेलं.
अण्णा म्हणाले, खराब मालात टाक.
खराब माल म्हणजे फुटका साबण, किडके शेंगदाणे,
उंदराने कुरतडलेल्या वह्या,
जे घरच्यांनीच वापरायचं असतं.

रात्री फाडलं. बोटांना साबणाचा वास.

सात छेद पंचवीस.

ओरडले नाही. कंदील जवळ घेतला.
तोच फोटो, तसाच वाकलेला,
पण त्या हिरव्यात असा दिसत होता
की या वेळी धरील.

मग झोप येईना, बाकीच्या चोवीसांच्या काळजीने.
एखादा असेल औशात, कुणी न फाडलेल्या पाकिटात.
एखादा आकडा न वाचताच तारांत गेला असेल.
सहा आणि आठ, माझे शेजारी,
त्यांना माहीत तरी असेल का एकमेकांचं?
आणि एखादा असेलच
कुठल्यातरी दुकानदाराच्या पोरीच्या
भूगोलाच्या वहीत, गप्प.

परवा सराफ्यात गेले होते, आईच्या पाटल्या मोडायला.
काटा आता काचेच्या पेटीत, आकडे लाल.
विश्वंभरने पाटली ठेवली
आणि हात आपोआप वर गेला त्याचा,
पंख्याच्या बटणाकडे.
मग हसला स्वतःलाच.
"ते हिरवं कधी निघालंच नाय ना गं आपल्याकडं?"

पत्ता पर्समध्ये होता. असतोच.

"नाही," मी म्हणाले.

"यात घट धरावी लागंल थोडी," तो म्हणाला,
"जुना माल हाय."

"धर," म्हटलं.
घासाघीस केली नाही.