मानस

बांबोळीला, हिरव्या पडद्याआड,
काएतानच्या कानशिलावर थंड जेल.
मी प्रोब टेकवते, तिरका करते,
हाडातली पातळ जागा शोधते.
आम्ही तिला खिडकी म्हणतो.
सत्तरीनंतर पुष्कळांची बंदच असते.

ह्याची उघडी निघाली.

डावीकडे संथ आवाज: हुश्श... हुश्श...
"मानशीचं पाणी," तो डोळे मिटूनच म्हणाला.
चोडणच्या बांधावर चाळीस वर्षं
भरतीला फळ्या घातल्या,
ओहोटीला काढल्या त्याने.

मग उजवीकडे.
आवाज चढला, बारीक, शिट्टीसारखा.
पडद्यावरचे सुळके वरच्या कडेला आपटले.
सेकंदाला दोनशे दहा सेंटिमीटर.
मी आकडा लिहिला. बोलले नाही;
अहवाल डॉक्टर सांगतात.

"फळी अडकलीय," काएतान म्हणाला.
"तोंड चिंचोळं झालं की पाणी असंच ओरडतं.
खेकड्यांनी पोखरलेला बांध मात्र
गप्प असतो."

मी आवाज कमी करायला गेले.
त्याने हात वर केला. डावा.
अर्ध्यातच थांबला तो.

"राहू दे गो,
ओहोटी कधी लागते ते ऐकतो."