इतिवृत्त, ताकुआरेम्बो

सभा क्लबच्या व्यायामशाळेत.
बास्केटबॉलची कडी अध्यक्षांच्या बरोबर डोक्यावर.
मी कोपऱ्यात, लघुलिपीची वही गुडघ्यावर.
बोलणाऱ्याचं नाव, वेळ, आणि जमेल तेवढं शब्दशः.

खासदार बेन्तानकोर: आपल्या देशात विद्यापीठाला फी नाही.
आजोबांच्या काळापासून नाही. दार सताड उघडं आहे.
(टाळ्या, पुढच्या दोन रांगांतून.)

प्राध्यापिका इराओला: दार मोन्तेविदेओत आहे, साहेब.
चारशे किलोमीटरवर दार उघडं ठेवायचं
आणि इथून ओरडायचं, या की, या!
शाखा इथे काढा.

मागून कुणीतरी: शिकवणार कोण? आडातच नाही तर…
(हशा. वाक्य अर्धंच राहिलं, कुणाचं अडलं नाही.)

मग प्रयोगशाळा, वसतिगृह, पुढच्या अर्थसंकल्पात बघू,
दर्जा, पुन्हा दर्जा, आणि टक्के.
टक्के लिहायला सोपे. हात आपोआप चालतो.

मग विल्मार तेचेरा उठला, मेंढ्या कातरणारा.
टोपी काढली, ठेवायला जागा दिसेना, परत घातली.
म्हणाला: माझी मुलगी गेली होती.
तुमच्या कागदावर ती 'प्रवेश' आहे.
जुलैत परत आली. तिच्या खोलीचं महिन्याचं भाडं
म्हणजे माझ्या किती मेंढ्या, ते मी इथे सांगत नाही.
नापास नाही झाली ती.
नापास व्हायला परीक्षेपर्यंत टिकावं लागतं.
परत आलेल्यांचा तक्ता कुठल्या पानावर आहे?

बेन्तानकोर पानं उलटतात. सचिव तीच पानं उलटतो.
मातेचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

लघुलिपीत शांततेला खूण नाही.
मी लिहिलं, सात वाजून बारा.
खाली, सात वाजून चौदा.

पासो दे लोस तोरोसच्या पुलावरून जाताना
धरणाचं पाणी डाव्या खिडकीत असतं, येताना उजव्या.
जाताना मी झोपले नव्हते.
येतानाही नाही.
इतिवृत्तात याचं काम नाही.

ठराव: समिती नेमावी. विरोधात एक हात, इराओला.
तेचेरा तोवर गेला होता,
पहाटे कातरणी होती.
त्याच्या प्रश्नापुढे मी 'नोंद घेतली' असं लिहिलं,
खोडलं, 'उत्तर नाही' लिहिलं,
मग अध्यक्षांची सही घ्यायची म्हणून पुन्हा 'नोंद घेतली'.

खुर्च्या घाईने उचलल्या.
नऊला मुलींचा सराव असतो.