लेव्हल बुक

रावबहादुर नीळकंठ चिंतामण उकिडवे यांचा फोटो
आमच्या ऑफिसात जिन्याच्या वळणावर आहे.
पगडी, उपरणं, एक डोळा जरा बारीक,
दुर्बिणीतून बघायची सवय फोटोतही सुटलेली नाही.
जयंतीला हार. साहेब बोलतात:
तीन धरणं, सात पूल, एक कालवा, एक सनद.
मग चिवडा आणि चहा.

मी रेकॉर्ड रूमचा.
निवृत्तीला एकोणसाठ दिवस उरलेत.
वरून पत्र आलंय, जुने गठ्ठे निकाली काढा,
स्कॅनरला जागा करा.

गठ्ठा क्रमांक दोनशे अकरा.
लाल बस्ता, आत वाळवीने अर्धा खाल्लेला नकाशा
आणि कॅनव्हासच्या पुठ्ठ्याची चोपडी.
आकडे इंग्रजी, शिसपेन्सिलीचे, कुठे खाडाखोड नाही.
समासात मोडी.
मोडी मला येते. नोकरीत एवढंच जास्तीचं शिकलो.

आनंदवल्लीपासून दसकापर्यंत, नदीच्या काठाने.
मागे बघायचं, पुढे बघायचं, वजाबाकी.
मागे, पुढे, वजाबाकी.
पट्टी धरायला धाकलू गांगुर्डे.
वैशाख. ‘घाम काचेवर पडतो.’
‘धाकलूच्या घरून करवंदे आली. आंबट.’

जाऊन येऊन चौदा मैल.
जिथून निघालो त्या दगडावर परतल्यावर
शेवटचा आकडा पहिल्याला भेटायला हवा.
भेटला नाही.
फरक तेरा शतांश फूट, म्हणजे दीड इंच.
एक मोठी सुपारी उभी ठेवा, तेवढा.

एवढी सुपारी कातरून चौदा मैलांत वाटता येते.
वाटतातच.
छत्तीस वर्षं मी मोजमाप पुस्तकं लावतोय,
शाई बघून सांगतो
कुठला आकडा शिवारात जन्मला
आणि कुठला टेबलावर.
दोन ठिकाणी खाली माझीही सही आहे.
तो विषय नको.

पान उलटलं तर पुन्हा आनंदवल्ली.
पहिल्या दगडापासून, पहाटे, ऊन चढायच्या आत.
समासात:
‘चूक कोठे ते कळत नाही. धाकलू रुसला आहे.’

पाचव्या दिवशी सापडली.
टाकळीच्या अलीकडे ज्या दगडावर पट्टी टेकवली होती
तो गौरा परटिणीचा धुण्याचा दगड.
पुढचं वाचन झालं, मागचं व्हायचं होतं,
हे दुर्बीण उचलून पुढे चालत होते
तेवढ्यात तिने एक गोधडी आपटून घेतली.
दगड वाळूत दीड इंच खचला.

‘तिचा दोष नाही. दगड तिचा.
पट्टी ठेवण्यापूर्वी आम्हीच विचारावयाचे होते.’

हे भाषणात कधी येत नाही.

आणखी एक नोंद. रामकुंडाच्या पायरीवर
उंचीच्या खुणेचा बाण कोरला होता,
त्याला कुणीतरी कुंकू वाहिलेलं.
‘धाकलू पुसू लागला. राहू दे म्हटले.
कुंकवाने उंची बदलत नाही.’

काल सुटल्यावर गेलो बघायला.
पायरीवर पायरी, तिच्यावर काँक्रीट, वर फरशी.
वाती विकणाऱ्या बाईला विचारलं,
ती म्हणाली, बाण? रामाचा का?
हो म्हणालो.
दुतोंड्या मारुती कोरडा उभा होता.
पूर आला की सगळं नाशिक त्याच्याकडे बघतं,
कमरेला लागलं का, छातीला का, गळ्याला का.
तीही पट्टीच.
फक्त धरणारा रुसत नाही.

आज रजिस्टर घेऊन बसलो.
दोनशे अकरासमोर लिहिलं: कायम जतन.
मग निकाली काढलेल्या गठ्ठ्यांची बेरीज केली,
पत्रातल्या आकड्याशी जुळेना.
एक कमी.
शिपाई म्हणाला, कुठलातरी जुना पेपर बांधून
गठ्ठा करून टाकू ना, कोण मोजतंय.

पेन्सिलीला टोक काढलं.
पहिल्या रॅकपासून पुन्हा मोजले, जिन्यापर्यंत,
फोटोकडे न बघता.
एक कमीच.
तसंच लिहिलं.