दोरीची लांबी

कालिन्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत
मी फळ्यावर दोन जनुकं लिहिते, शेजारीशेजारी.
पहिलं बिघडलेलं असेल तर हिवताप अंगात सहसा जोर धरत नाही.
दुसरं बिघडलं की लाल आणि हिरवा एकच.
दोन्ही एक्सच्या एकाच टोकाला,
शंभरांतून चारपाच वेळाच ताटातूट.

निवड फक्त पहिल्याला ओळखते.
दुसरं तिच्या खिजगणतीत नाही, ते ओढलं जातं,
ससून डॉकला लाँचच्या मागे बांधलेल्या होडीसारखं,
मासळी मिळो न मिळो.
दर पिढीला दोरी थोडी झिजते:
एक वजा आर, त्याचा वर्ग, त्याचा घन.
मुलं उतरवून घेतात.

सोय म्हणून मी धरते
की दोघांचे धंदे वेगळे,
नफातोटा ज्याचा त्याने मोजावा
आणि शेवटी नुसता गुणाकार.

इथे हिराजीमामा आडवा येतो.

त्याला सारंगाचा परवाना हवा होता.
साहेबाने दोन दिवे दाखवले, डावा, उजवा.
मामा म्हणाला, दोन्ही गुळाचे.
मग जन्मभर माझगावात बसून
दुसऱ्यांच्या बोटींची जाळी विणली.

चौऱ्याऐंशी साली आख्खी आळी तापाने फणफणली.
मामा ठणठणीत.
तरी पालिकेच्या माणसाने घरटी गोळ्या वाटल्या,
आणि आईला कडू लागल्या म्हणून
तिच्या वाटच्याही मामानेच गिळल्या.

तिसऱ्या दिवसापासून लघवी लाल.
मामाला वाटलं, पाणी कमी पडतंय.
एक जनुक रक्त फोडत होतं
आणि शेजारचं त्याला ते दिसू देत नव्हतं.
दोन दिवस तो नुसता 'दमलो' म्हणत राहिला.
मोरी धुताना आईने पाहिलं,
तोवर रंग कोऱ्या चहावर गेला होता.
टॅक्सी. केईएम. तीन बाटल्या रक्त.

मी गुणाकार पुसते,
पुढे एक जास्तीचं अक्षर जोडते.
सादिया विचारते, मॅडम, याची किंमत किती धरायची?
शून्य धरू नका, म्हणते. बाकी मलाही ठाऊक नाही.

माझा एक एक्स आईकडून आला.
तिच्या दोहोंपैकी कुठला, ते तपासलेलं नाही.

मामा अजून विणतो.
आई त्याच्या रिळांना आधीच गाठी मारून ठेवते,
लाल दोऱ्याला एक,
हिरव्याला दोन.