मंगळवारचं नाव

सहाला वीज जाते, म्हणून रेडिओ सेलवर.
मशीन पायाचं, त्याला कुणाची मेहेरबानी लागत नाही.
ताकोराडीत उजाडतं ते
आटो बैदूनं माइकवर घसा खाकरला की.
"बोला, लाइन मोकळी आहे. थोडक्यात.
प्रस्तावना घरी ठेवून या."

प्रस्तावना कुणीच घरी ठेवत नाही.
बंदराच्या फाटकाजवळची मासळीवाली
आधी देवाला, मग स्टेशनला, मग मेकॅनिक भाच्याला नमस्कार घालते
आणि मुद्द्याशी येईतो तिचा बॅलन्स संपतो.
सेकोंडीचे रिटायर्ड मास्तर मंत्र्याचं व्याकरण काढतात,
गटार राहतं बाजूला.
महापौरांची गाडी नवी की जुन्यालाच नवा रंग,
यावर वीस मिनिटं.
तेवढ्यात माझ्या गणवेशांना चार बाह्या लागतात.
देश असाच चालतो म्हणा,
एकीकडे बडबड, एकीकडे बाह्या.

आठला पाच कमी.
"मी एबो बोलतोय. मार्केट सर्कलहून."

सुई थांबली.
आवाज जाड केलेला, पोटातून ओढून काढलेला,
पण वाक्याआधीचं ते अर्धं खोकणं
बावीस वर्षं माझ्या उशाशी आहे.
एबो कुठला! हा क्वामेना एसुमान, शनिवारी जन्मलेला.
मंगळवारचं नाव लावून आलाय.
आणि मंगळवार तर माझा. मी आराबा.
आठवड्यात सहा वार पडले होते याला चोरायला.

शिकाऊ पोरगी मान वर करून म्हणाली, "बाई, हे तर आपले..."
"आपले कुणी नाहीत. काजं कर."

घरी याचा शब्दकोश तीन पानी:
मीठ. किल्ली. झोपतो.
इथे मात्र गटाराची झाकणं कोण विकून खातं ते बोलला,
पोरं परदेशाची वाट का धरतात ते बोलला,
आटो बैदू एकदाही "थोडक्यात" म्हणाला नाही.
मग म्हणाला, "आणि या आपल्या बायका..."

मी कात्री उचलली.
समोर कापायला काही नव्हतं.

"...मेणबत्तीवर रात्री दहापर्यंत शिवतात. डोळे जातील.
माझी एक आहे. तिला कधी म्हटलं नाही मी हे.
वीज कंपनीला म्हणतोय, म्हणजे बघा."

लगेच फिनाइलची जाहिरात लागली.

मी फोन लावला. एंगेज.
अकरा वेळा एंगेज, बाराव्याला बैदू.
"नाव?"
"आमा," म्हणाले. शनिवारचं.
फिट्टंफाट.
"मघाच्या त्या एबोला सांगा,
डोळ्यांचं पुढे बघू.
दारासमोरच्या गटारावरची फळी तीन महिने हलतेय,
गिऱ्हाइकाचा पाय जातो.
झाकणचोर सापडेपर्यंत
चार खिळे मारायला सरकारची परवानगी लागत नाही.
आणि त्याला सांगा..."
इथे माझा आवाज कुठे गेला कोण जाणे.
"बाई, थोडक्यात," बैदू म्हणाला.
"सांगा, की ऐकलं."

दुपारभर लोक आमाबद्दलच बोलत राहिले.
मास्तर म्हणाले, स्पष्ट उच्चार, पण बाई तापट.
मासळीवाली म्हणाली, नवऱ्यांना असंच हवं.
तिचाही बॅलन्स संपला.

संध्याकाळी फळी हलली नाही.
एक खिळा वाकडा होता, तो मी नंतर ठोकला.

जेवताना केंकीचं पान सोलत तो म्हणाला,
"आज रेडिओवर काय होतं?"
"काही नाही. कुणी बाई भांडत होती."
"बरोबर बोलत होती?"
"थोडं लांबवलं तिनं."

तो बराच वेळ मासळीचे काटे वेगळे करत बसला.
वीज आली होती मघाशीच.
मेणबत्ती विझवायला कुणी उठलं नाही.
"मीठ," तो म्हणाला.
मी दिलं.